उचलीची नानकटाई

शिरूर कासार तालुक्यात, सिंदफणेच्या पात्रापासून हाकेच्या अंतरावर एक वस्ती आहे. त्या वस्तीवर जिजी राहते. तिचा एक मुलगा, एक सून, एक नात, एक नातू. ही गोष्ट सुनेची आहे, पण जिजी नसती तर ती घडली नसती.

सून लग्न होऊन आली त्याच वर्षी नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. बीड जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. पावसाळ्यातच मजुरांची टोळी जमवणारा मुकादम दारात येतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम ठरते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघून जातात. मार्च-एप्रिलपर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचं. अंधार असतानाच फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. हातात घेतलेली उचल तर कधीच संपलेली असते. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दवाखान्यात, घरावरच्या पत्र्यात. मग जेवढे टन तुटतील तेवढे तिच्यातून वळते होतात. हंगाम संपला आणि पैसे फिटले नाहीत, तर बाकी अंगावर राहते आणि तिच्यापायी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमामागं जावं लागतं. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, दर वरती कुठंतरी ठरतो, आणि हिशेबाची वही मुकादमाच्या खिशात असते.

उचल घेणारा माणूस उधळ्या असतो असं शहरात बसून वाटतं. तसं नाही. ज्याच्या दोन-तीन एकर कोरडवाहू रानात बाजरी आणि कापूस पावसाच्या मर्जीवर येतो, त्याला एकदम चाळीस-पन्नास हजार रुपये तारण न मागता देणारा दुसरा कुणी नसतो. म्हणून तो उचल घेतो.

2020 चा मार्च आला आणि टाळेबंदी लागली. ही जोडी कारखान्यावरच अडकली. ऊस तुटत राहिला, पण गावाकडं जायची बंदी. शेवटी 17 एप्रिलला सरकारने राज्यभरच्या जवळपास 1 लाख 31 हजार ऊसतोड मजुरांना घरी परतायची परवानगी दिली, तेव्हा ही दोघं वस्तीवर आली. आल्यावर चौदा दिवस रानातल्या खोपीत वेगळी राहिली. पोरं लांबून बघायची. पोरगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं लांबूनच ओरडून विचारलं, “आई, औंदा बिस्किटं करायची का न्हाईत?”

आपल्याकडे बिस्किटं करणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दिवाळीआधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचा रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा नाहीतर तूप, असं सगळं पत्र्याच्या डब्यात भरून तालुक्याच्या बेकरीत न्यायचं. तिथला माणूस ते मळायचा, पाडायचा, पत्र्यांवर लावून भट्टीत सारायचा, आणि वजनावर भाजणावळ घ्यायचा. आपला नंबर येईपर्यंत बायका पोरांना घेऊन बेकरीच्या पायरीवर बसायच्या. संध्याकाळी गरम डबा मांडीवर घेऊन घरी यायचं. त्या वर्षी बेकरीची भट्टी थंड होती. किराण्यात मैदाही मिळत नव्हता. घरात होती ती बाजरी, थोडे गहू आणि म्हशीचं तूप.

जिजी म्हणाली, “भट्टी न्हाई तर न्हाई. आमी रोडगं कशात भाजत हुतो?”

रोडगे ही मराठवाड्याची भाजायची जुनी रीत. जाडसर कणकेचे थरावर थर देऊन गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेत पुरून भाजायचे. ना तवा, ना पत्रा, ना वेळ दाखवणारं घड्याळ. त्यात एकच अक्कल असते, आणि ती जिजीला पक्की ठाऊक होती. गोवरी पेटली की लगेच काही घालायचं नाही. धूर पूर्ण सरू द्यायचा, ज्वाळ बसू द्यायची, वर राखेची पांढरी साय धरू द्यायची. मगच तो इस्तू भाजायच्या कामाचा होतो. त्याआधी घातलं तर वरून करपतं आणि आत कच्चं राहतं.

दोघींनी मोठं जर्मनचं पातेलं घेतलं. तळाला नदीची वाळू धुऊन, वाळवून पसरली. वाळूवर वाटी उपडी घातली, वाटीवर ताटली. ताटलीत गोल चपटे गोळे मांडले. वर जाड झाकण आणि झाकणावर निखारे. खाली चुलीत मंद आच. लोखंडी भट्टी घरोघर नव्हती त्या काळात हौशी बायका केक आणि बिस्किटं अशीच खालीवर विस्तव ठेवून भाजत असत. आता कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून मोबाइलवर बघून केक करतात, ती पद्धतही हीच. जिजीनं मोबाइल पाहिला नव्हता, पण विस्तव पाहिला होता.

पहिला घाणा थोडा चिरला, पण खुसखुशीत झाला. पोरांनी राखेचे हात न धुताच खाल्ला.

नानकटाईला पिठाचा चिवटपणा लागत नाही, उलट तो नकोच असतो. पाव फुगतो तो गव्हातल्या चिकट ग्लुटेनच्या जाळ्यामुळे. बाजरीत ते नाही, म्हणून निव्वळ बाजरीचा पाव बसका होतो. पण नानकटाई तोंडात विरघळायला हवी असेल तर बाजरीसारखं पीठ नाही. तूप हातानं पांढरं होईस्तोवर फेसायचं, त्यात पिठीसाखर, मग बाजरी आणि थोडी कणीक, चिमूटभर सोडा, वेलदोडा. गूळ घालून पाहिला तर रंग चांगला आला, पण गोळा पसरला. हे सगळं त्या दोघी उन्हाळाभर करत राहिल्या.

आणि एक दिवस डब्यातली नानकटाई कडू लागली. जिजीला त्यात नवल वाटलं नाही. बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांवर टिकत नाही हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, म्हणून तर दळण थोडं थोडं आणतात. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो. दाणा दळला की त्यातलं एक द्रव्य त्या स्निग्धांशाला लागतं आणि पीठ कडवट होतं. यावरचा उपाय सुनेला पुढे दोन वर्षांनी, गेवराई तालुक्यातल्या खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाला गेली तेव्हा समजला. बाजरी दळण्याआधी फडक्यात बांधून खळखळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची, लगेच काढायची, कडक वाळवायची आणि मग दळायची. दाण्यातलं ते द्रव्य उष्णतेनं निकामी होतं आणि पीठ कितीतरी दिवस गोड राहतं. काम वाढतं, ऊन लागतं, एक आख्खा दिवस लागतो. पण सगळा धंदा पुढे ह्या अर्ध्या मिनिटावर उभा राहिला, म्हणून ते इथं सांगून ठेवतो.

2020 च्या हिवाळ्यात जोडी परत ऊस तोडायला गेली. बाकी होती ना. त्याच्या पुढल्या वर्षीही गेली. दरवर्षी उन्हाळ्यात सून नानकटाई भाजायची, वस्तीवरची माणसं आपापलं साहित्य घेऊन यायची, आणि किलोला 60 रुपये भाजणावळ मिळायची. हळूहळू शिरूरहून, रायमोह्याकडून डबे यायला लागले. मुलांच्या वाढदिवसाला केकही करून देऊ लागली, बिनअंड्याचा. मग बचत गटातून कर्ज काढून तिनं विजेची छोटी भट्टी घेतली आणि अन्न सुरक्षेची नोंदणी केली; लहान उद्योगाला ती वर्षाला 100 रुपयांत होत होती. गटाचा हप्ता दर महिन्याला जायचा. महिना वाईट गेला तर गटातल्या बायका समजून घ्यायच्या, पुढच्या महिन्यात दुप्पट घ्यायच्या. ह्या कर्जानं तिला कधी कुठला भाव सांगितला नाही, कधी कुणाच्या काट्यावर उभं केलं नाही. 2023 साली तिनं नवऱ्याला सांगितलं, मी औंदा येत नाही. अंगावर बाकी नव्हती, म्हणून तोही थांबू शकला. पोरगी आठवीत जाणार होती.

त्या हिवाळ्यात ती पाव शिकली. नानकटाई बाईच्या हातावर चालते, पाव स्वतःच्या मर्जीनं चालतो. यीस्ट जिवंत असतं; पाणी बोटाला सोसेल इतकंच कोमट लागतं, जास्त झालं तर ते मरतं आणि पीठ दगड होऊन बसतं. एप्रिलमध्ये तासाभरात दुप्पट होणारं पीठ डिसेंबरात तीन-तीन तास हलत नाही. सुनेला ऊसतोडीची सवय. फडात एक मिनिट थांबलं तर गाडी चुकते. ती दर दहा मिनिटांनी परात उघडून बघायची, बोट खुपसायची. जिजीनं एकदा परात काढून घेतली, गोधडीत गुंडाळली आणि आपल्या अंथरुणाशी ठेवली.

“पिठाला मुकादम नस्तो, बाई. त्ये त्याच्या येळंनं फुगतं. तू झोप.”

पहाटे पीठ परातीच्या काठावर आलं होतं.

पोरीनं त्याच सुमारास एक हिशेब केला. जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडीचा नवा करार झाला, दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 273 चे 366 रुपये झाले. एक टन ऊस गाळला की साधारण 100 ते 110 किलो साखर निघते. पोरीनं भागाकार केला. एक किलो साखरेमागे, ती तोडून, बांधून, डोक्यावर वाहून गाडीत भरणाऱ्या तिच्या आईबापासारख्या जोडीच्या वाट्याला साडेतीन रुपये येत होते. तीच साखर आई दुकानातून 40 च्या वर भावानं आणत होती आणि किलोभर नानकटाई भाजून 60 रुपये मिळवत होती. त्यातून विजेचं बिल जायचं हे खरं, पण पोरीनं वही आईपुढं धरली तेव्हा आई बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत राहिली. म्हणाली, “हितं काटा आपला हाय.” एवढंच.

हे ती म्हणाली आणि सहा महिन्यांत विसरली. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोरीच्या शिक्षणाचा खर्च समोर होता, घराच्या एका भिंतीला तडा गेला होता, आणि समोरून चालत आलेला माणूस गोड बोलत होता.

तो व्यापारी बीडहून आला. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हापासून शहरात बाजरीच्या पदार्थांना मान आला होता. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं लोह जास्त असलेला बाजरीचा वाण काढलाय, हेही त्याला पाठ होतं. तो म्हणाला, ताई, तुमच्या हाताला चव आहे, मी डबे छापतो, दिवाळीला 3 क्विंटल माल द्या. किलोला 220 रुपये. आणि हे घ्या 50 हजार आधीच, तुम्हाला भांडवलाची चिंता नको. भाव आजच ठरला, माल बीडला माझ्या काट्यावर मोजून घेईन.

नवऱ्याचे डोळे चमकले. ऊस न तोडता, घरात बसून 50 हजार. जिजी दाराशी शेंगा फोडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “आन् माल कमी भरला तर?”

“तर काय, हिशेबात धरू. बाकी राहील, पुढच्या सणाला फेडतील.”

जिजीनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं पैसे मोजून घेतले.

त्या पैशांतून भिंत झाली. मग साहित्य आणायची वेळ आली तेव्हा हातात निम्मेच होते, म्हणून किराण्यात उधारी केली. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारनं आयात खाद्यतेलावरचं मूळ सीमाशुल्क 20 टक्के बिंदूंनी वाढवलं. सणाच्या तोंडावर तेल चढलं, त्याच्या मागोमाग डालडा चढला. ज्या बाईचा भाव तिच्या हातात असतो, ती अशा वेळी किलोमागे दहा-वीस रुपये वाढवून गिऱ्हाइकाला कारण सांगते. हिचा भाव ऑगस्टमध्येच विकला गेला होता. मग तिनं तूप बंद करून सगळा डालडा घातला. तरी जमेना, तेव्हा मैदा वाढवला आणि बाजरी कमी केली.

छोट्या भट्टीत एका वेळी किलो-सव्वा किलो माल बसतो. वीज गेली की सगळं खोळंबतं. दिवसाला दहा-बारा घाणे काढायचे तर पहाटे चारला उठावं लागे. बाजरी खळखळत्या पाण्यात बुडवून वाळवायला दिवस जातो. परतीच्या पावसानं ऊनही नव्हतं. तिनं ते अर्धं मिनिट सोडून दिलं. कच्ची बाजरी तशीच दळून आणली. डबे घेऊन दारात आलेल्या वस्तीवरच्या बायकांना ती सांगू लागली, औंदा जमायचं न्हाई, मोठी आर्डर हाय. ज्या बायकांनी तिला पहिल्या वर्षी साठ-साठ रुपये दिले होते, त्या डबे घेऊन परत गेल्या. पोरगी शाळा बुडवून डबे भरत होती. सगळ्यात अवघड हे होतं की फडातली घाई घरात आली होती आणि ती कुणाला दिसत नव्हती, कारण वरून सगळं स्वतःचा उद्योग असल्यासारखं दिसत होतं.

जिजी काही बोलली नाही. मला वाटतं तिनं बोलायला हवं होतं. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकदाच विचारायची सवय असते.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला लक्ष्मीपूजन झालं. त्यानंतर चार दिवसांनी व्यापाऱ्याचा टेम्पो वस्तीवर आला आणि सव्वा क्विंटल माल अंगणात उतरवून गेला. कडू झालेला. उरलेल्या पावणेदोन क्विंटलचे 220 नं 38 हजार 500 झाले. उचल 50 हजार. साडेअकरा हजारांची बाकी. वाण्याची उधारी निराळी. तिनं हिशेबाचा कागद हातात घेतला आणि तिला कळलं की असा कागद तिनं आधी पाहिलेला आहे. फक्त टनांच्या जागी किलो होते.

कडू नानकटाई म्हशीलाही घालवेना. ती रानात पुरली.

15 नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू झाला. नवरा एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून. अर्ध्या कोयत्याची जी उचल मिळाली तिच्यातून व्यापाऱ्याचे आणि वाण्याचे पैसे दिले, आणि ती उचल फेडायला तो चार महिने दुसऱ्याच्या जोडीबरोबर ऊस तोडत राहिला. उचल फेडायला उचल. सुनेलाही जायचं होतं, पण जिजीनं तिला अडवलं. “तू गेलीस तर भट्टी इकावी लागंल. तू हितंच ऱ्हा. आन् उद्यापास्नं दुसऱ्याचं पीठ भाज.”

म्हणजे जिथून सुरुवात झाली होती तिथंच. दुसऱ्याचं साहित्य, आपले हात, आपला विस्तव, रोख भाजणावळ. भांडवल शून्य, म्हणून कुणापुढं हात पसरायला नको. पण आधी परत पाठवलेल्या बायका आता कशाला येतील? सून त्यांच्या दारोदार गेली. काहींनी तोंड फिरवलं. एकीनं सरळ सुनावलं, “तवा बीडवाला ग्वाड लागला.” सून ऐकून घेऊन उभी राहिली. तिनं त्या बाईच्या अर्ध्या किलो पिठाची नानकटाई भाजून दिली आणि भाजणावळ घेतली नाही. संक्रांतीपर्यंत निम्म्या बायका परतल्या. मार्चअखेर नवरा घरी आला तेव्हा बाकी फिटलेली होती.

तेव्हापासून त्या घरात काही गोष्टी ठरून गेल्या. बाजरी पाण्यातून काढल्याशिवाय दळायची नाही. वजन घरच्या काट्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. तूप, डालडा, मैदा, जे काही घातलं असेल ते विचारणाऱ्याला खरं सांगायचं. केकच्या ऑर्डरीला थोडा इसार घेतात, पण तो एका केकपुरता. केक बिघडला तर तिथल्या तिथं परत. आणि अजून न भाजलेल्या मालाचे पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, मग तो सोयरा का असेना. बचत गटाचं कर्ज मात्र त्यांनी वाईट मानलं नाही. ते भट्टीवर होतं. व्यापाऱ्याची उचल हातांवर होती. सरकारची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीची योजना होती, तिच्यात बँकेचं कर्ज घेतलं तर 35 टक्के अनुदान मिळत होतं. पोरगी त्या योजनेचे कागद गोळा करू लागली. कर्जाला भिऊन घरात बसावं असं ही गोष्ट सांगत नाही.

खरी परीक्षा पुढं झाली. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सिंदफणेला पूर आला. शिरूर शहरात पाणी शिरलं, काठावरच्या वस्त्यांत शिरलं. ह्या घरात कमरेइतकं पाणी होतं. विजेची भट्टी गाळात गेली. वाळवून ठेवलेली बाजरी गेली, नवी भिंत फुगली. रानात कापूस उभ्या उभ्या सडला.

पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत मुकादम दारात आला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचंही पोट ह्यावरच होतं. तो म्हणाला, लाखभर देतो, दोघंही चला, पुरात सगळं गेलंय तुमचं. वस्तीवरच्या बऱ्याच घरांनी त्या वर्षी उचल घेतली. ज्यांच्या अंगावर आधीची बाकी होती त्यांना तर विचारायलाच कुणी आलं नाही. त्यांचं जाणं ठरलेलंच होतं. ह्या घरावर मात्र कुणाची बाकी नव्हती. नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं जिजीकडं.

जिजी उठली आणि मागच्या पडवीतून जर्मनचं पातेलं घेऊन आली. गाळानं भरलेलं होतं. ते तिनं सुनेच्या पुढ्यात ठेवलं आणि राख आणायला गेली.

त्या दिवाळीला वस्तीवर एका नाही, तीन पातेल्यांत नानकटाई भाजली गेली. एक जिजीचं, दोन शेजाऱ्यांची. वाळू नदीनंच दारात आणून टाकली होती. कुणाकडं रवा होता, कुणाकडं मदतीच्या किटमधली साखर, कुणी तूप आणलं. किलोला 60 रुपये भाजणावळ त्या वर्षी सुनेनं 40 केली. तिचा भाव होता, तिनं उतरवला. ज्यांच्याकडं तेही नव्हतं त्यांच्याकडून तिनं काहीच घेतलं नाही. विस्तवाशी पोरगी बसली होती. धूर सरल्याशिवाय कुणाला ताटली आत ठेवू देत नव्हती.

हंगामात ते घर वस्तीवरच राहिलं. पोरगी आता दहावीला आहे, आणि गटातून दुसऱ्या भट्टीचं कर्ज मंजूर झालं आहे.

वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत घरी पाव, केक, नानकटाई भाजणारी बाई असेलच. तिला मोठी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम देऊन वर्षाच्या भावानं बांधून ठेवण्यात तिचं भलं आहे असं मानू नका. सणाच्या आधी थोडं लवकर जा. घरचं साहित्य असेल तर तेच न्या. तूप महागलं म्हणून तिनं भाव वाढवला तर घासाघीस करू नका. वजन तिच्या काट्यावर होऊ द्या, आणि पैसे त्याच दिवशी, रोख, तिच्या हातात द्या.